परक्या राजाचा तारा

काउंट व्होरोत्निन्स्कींची कारकीर्द विचारलीत तर मोठी माणसं पाच दरबार नि तीन तह सांगतील. सांगोत बापडी! मी तीस वर्षं त्यांच्या चुलीपाशी काढली. माझ्या मते ती अख्खी कारकीर्द येफीम लुकिचनं टाचणीनं टोचून उभी केली होती.

येफीम त्यांचा खास नोकर. कपडे चढवायचे, छातीवर मानाचे तारे लावायचे. सोपं नाही हो ते! ज्या राजाकडे जायचं, त्यानं दिलेला तारा सगळ्यांत वर. त्याच्या वैऱ्यानं दिलेला डबीतच राहायला हवा. येफीमला सगळं तोंडपाठ होतं.

एका वर्षी काउंट आमच्या झारचे वकील म्हणून परक्या राजाच्या दरबारी होते, आम्हीही बरोबर. त्या देशाचं नाव मी तोंडातून काढत नाही. दरबाराच्या दिवशी सकाळीच येफीमला गावाकडून पत्र आलं, त्याच्या एकुलत्या एक पोराला, तिखोनला, सैन्यात ओढून नेलं होतं. डोळे भरलेले, डबीतलं धड दिसेना. येफीमनं वैऱ्याचा तारा लावला. तिथल्या राजानं भर दरबारात काउंटकडे पाठ फिरवली. महिन्याभरात लढाई पेटली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिखोन पडला.

काउंटनी चकार शब्द काढला नाही. येफीमला वाटलं, सरकारांनी आपली चूक पोटात घातली. मेला तो उपकारच त्याला जाळत राहिला.

मयत झालं की आम्ही आरशावर कापड टाकतो, चाळिसाव्या दिवशी काढतो. येफीमनं अठरा वर्षं काढलं नाही.

"पेलागेया, आत तिखोन उभा असतो गं. तो तारा लावून."

"चहा घे मुकाट्यानं. लढाया काय टाचणीनं होतात?" मी म्हणायचे. पण खरं सांगते, त्याच्या खोलीत केर काढायला मी एकटी कधी गेले नाही.

मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी आमच्यात सगळे सगळ्यांची माफी मागतात, मालकसुद्धा. येफीम दरवर्षी वाकून "माफी असावी, सरकार" म्हणायचा, काउंट "देव माफ करील" म्हणायचे, झालं. अठराव्या वर्षी त्या रविवारी मी धिरडी वाढत होते. काउंट फार थकले होते. येफीमनं एकदम गुडघेच टेकले.

"सरकार, त्या दरबारात तारा मी चुकीचा लावला होता."

काउंट चक्क हसले. "वेड्या, जिना चढतानाच माझ्या लक्षात आलं होतं. वरून हुकूमच होता, भांडण निघायला हवं. तू माझं काम सोपं केलंस. पुढे मला मंत्री केलं ते उगाच?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. 

"अठरा वर्षं, सरकार," येफीम म्हणाला. "एकदा तरी सांगायचंत. मला वाटायचं, माझ्या तिखोनला मीच मारलं."

काउंटनी तोंडाशी नेलेला घास थांबवला. बराच वेळ आठवून पाहिलं. मग त्यांनी येफीमकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं,

"तिखोन कोण?"