आडनाव नसलेला बजरंग

शिरूर कासारला तहसील कचेरीसमोर रामप्रसादचं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर नुसतं 'रामप्रसाद'. कॉलेजात असताना त्यानं आडनाव टाकलं ते टाकलंच. त्यापायी गॅसच्या जोडणीपासून पोरीच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत दिसेल त्या कारकुनाशी हुज्जत घातली, पण हट्ट सोडला नाही. माणूस भला, फक्त आपल्या भलेपणाचा त्याला जरा जास्तच गर्व होता.

बारा वर्षांपूर्वी चार मित्रांना गोळा करून त्यानं 'पाच बोटं' नावाचा ब्लॉग काढला. राज्याचं राजकारण ऊसतोड्यांच्या पालातून कसं दिसतं, ते लिहायचं. नियम एकच: आडनाव छापायचं नाही, लिहिणाऱ्याचंही नाही आणि ज्याच्यावर लिहिलं त्याचंही नाही. आडनाव दिसलं की वाचणारा मजकूर सोडून जात हुंगत बसतो, असं त्याचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. पुढं दोघं धमक्यांना भ्याले, एक जण पक्षाच्या प्रचाराला लागला. उरली गेवराईची मनिषा मास्तरीण आणि हा.

यंदा निवडणुकीच्या तोंडावर त्यानं एका गावाचं नाव घेऊन लिहिलं, की तिथल्या बजरंग नावाच्या, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमानं विम्याच्या अर्जाचं निमित्त करून आपल्या मजुरांची मतदानकार्डं गोळा केली आणि त्यांची मतं एका उमेदवाराला कबूल करून टाकली. मजकूर अक्षर न् अक्षर खरा होता. छापण्याआधी मनिषानं विचारलं होतं, "दादा, त्या गावात बजरंग मुकादम एकच आहे ना? आडनाव तरी बघून घ्या." रामप्रसादनं तिलाच झापलं. "तुलाही आडनाव लागायला लागलं का?"

गावात बजरंग मुकादम दोन होते.

त्यातला दुमजली घराचा, तीन टोळ्यांचा बजरंग भलताच हुशार. त्यानं तो लेख स्वतःच गावभर फिरवला आणि खाली दुसऱ्या बजरंगाचा फोटो चिकटवला. या दुसऱ्याची एकच टोळी, बारा कोयत्यांची. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यानंही विम्यासाठी कार्डं गोळा केली होती, पण खरोखरच विम्यासाठी. ती कार्डं रामप्रसादच्याच ड्रॉवरमध्ये पडली होती. चौकात लोकांनी त्याला धरून बडवलं. उजवा हात मोडला.

त्याची बायको अंजना दुकानात आली. टोळीचे सगळे अर्ज तीच इथून भरून न्यायची; तिच्या नवऱ्याचं नाव रामप्रसादनं कधी विचारलं नव्हतं.

"कावून असं केलं, भाऊ? परवा कारखान्याला गाडी निघायची हाय. एक कोयता यायला तयार न्हाई. म्हणतेत, तुझ्या माणसानं आमाला इकलं."

रामप्रसादला मान वर करवेना. त्यानं तिच्यासमोरच खुलासा टाकला: तीन टोळ्यांचा तो बजरंग, हा नव्हे. तासाभरात खाली पन्नास जणांनी एकच विचारलं, आडनाव सांग. लपवतोस म्हणजे तो तुमच्यातलाच असणार.

दुसऱ्या दिवशी अंजना पुन्हा दारात.

"आडनाव लिवा, भाऊ. तुमचा नेम असंल, पर माझा माणूस भिताडाकडं तोंड करून पडलाय. कालपासनं अन्नाला शिवला न्हाई. बोलत बी न्हाई."

त्यानं मनिषाला फोन लावला. ती म्हणाली, "लिहिलंत तर तो सुटेल, दादा. पण आज आपल्याकडं लोक चहाचं हॉटेलसुद्धा आडनाव बघून निवडतात. पुढं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं, तेच तर मरण होतं. त्यानं दोन्ही बजरंगांची पूर्ण नावं टाइप केली, बटण दाबलं आणि भरदिवसा दुकानाचं शटर अर्धं ओढून हमसून हमसून रडला. बारा वर्षं आपण काय केलं, हे त्याला कळेना.

गाडी निघायच्या दिवशी अंजना कार्डं न्यायला आली. रामप्रसादनं चहा मागवला. "आले का सगळे?"

"पाच कोयते आले. आमच्यातले." ती खालीच बघत होती. "बाकीचे सात त्येच्यातले, ते त्या तीन टोळ्यावाल्याकडं गेले. आमच्या माणसाची बदनामी केली म्हणतेत. दहा वर्सं उसाच्या एका फडात राबलो, भाऊ. कोण कुणाचं ते समद्यांला ठावं होतं, पर कुणी बोलून दावलं नव्हतं."

"आणि त्यानं घेतलेली कार्डं?"

"त्येच्याकडंच हायती. त्या कार्डांचं आता कुणी नाव बी काढत न्हाई."

तिनं चहाचा पेला उचलला आणि तसाच धरला. "एक इचारू? तुमचं आडनाव काय हो?"

वीस वर्षांत त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण आता या बाईला नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं. त्यानं सांगितलं.

"बरं, साहेब," अंजना म्हणाली. भरलेला पेला तिनं टेबलावर ठेवला आणि कार्डं घेऊन ती निघून गेली.