सगुणामावशीचा कोनाडा

देवळातली रविवारची मिस्सा-प्रार्थना आटोपली आहे, वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी पोटात आहे, आणि शांतवन अमोलिक पडवीतल्या बाजेवर आडवा झाला आहे. डोळा लागतो न लागतो अशी वेळ. आत टेबलावर पांढरं कापड अंथरून पवित्र मरियेची मूर्ती ठेवली आहे.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. या महिन्यात देवळातली ही मूर्ती, वाडीची आई, घरोघर फिरते. एका घरी एक मुक्काम करते. संध्याकाळी सगळी वाडी त्या दारात जमून जपमाळ म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या लावून, गात गात तिला पुढच्या घरी पोचवते. कुणाच्या घरी कधी न्यायची, हे शांतवन ठरवतो. आज शेवटचा मुक्काम. संध्याकाळी पारधे मास्तरांच्या ऐसपैस अंगणात बुवांचं कीर्तन, आणि उद्या आई परत देवळात.

कीर्तन म्हणजे शांतवनचा जीव की प्राण. फादरांचा उपदेश चालू असताना त्याला डुलकी लागते. हे त्याने पापनिवेदनात फादरांनाच सांगून टाकलं आहे. पण तोच उपदेश बुवांनी पेटीच्या सुरात धरला, मागून झांज वाजली, की हा गडी लहान पोरासारखा मुसमुसतो.

आज मात्र मनात झांज वाजत नाही. सकाळी देवळाच्या पायरीवर मनीषाने गाठलं होतं. मनीषा म्हणजे सगुणामावशी दुशिंगची सून.

"शांतवनभाऊ, औंदा आमच्याकडं आई कधी यायची?"

"बघतो गं," असं म्हणून तो चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

पापण्या जड होतात. पडवीचं छप्पर जरा वर सरकतं. बाज पायथ्याशी दबते.

"सरक की जरा," सगुणामावशी म्हणते. "समदी बाज एकट्यालाच लागती व्हय?"

तो पाय आखडून घेतो. मावशीला जाऊन बरेच महिने झाले. उपवासकाळाच्या आधी तिला माती द्यायला तो स्वतः होता. तरी ती इथे बसली आहे, बोटाला मिसरी लावून दात घासते आहे, आणि याचं त्याला काहीच नवल वाटत नाही. भीती वाटते ती निराळीच. ती आता काय विचारणार ते त्याला ठाऊक आहे.

"कीर्तन कसं झालं रे?"

हाच तो प्रश्न. गेल्या वर्षीचा.

गेल्या ऑक्टोबरात त्या संध्याकाळी आई मावशीकडे जायची होती. पण नेमकी तेव्हाच बुवांना सवड मिळाली. मावशीची गल्ली एवढीशी, की पेटी आडवी धरून न्यावी लागते, आणि घर म्हणजे एक खोली. शांतवनने मूर्ती मास्तरांच्या अंगणात वळवली. मावशीचं मागून बघू, असं म्हणाला, आणि तिला निरोप द्यायचा राहून गेला. ते मागून कधी आलंच नाही, महिना संपला. पुढच्या रविवारी देवळाच्या पायरीवर मावशी भेटली आणि तिने एवढंच विचारलं, कीर्तन कसं झालं रे? आणि शांतवनने, त्याच्या ध्यानातही आलं नाही, तिला आख्यान रंगवून सांगितलं. योसेफ आपल्या अवघडलेल्या मरियेला घेऊन बेथलेहेमात दारोदार फिरतो आणि कुणी जागा देत नाही, ते सारं हातवारे करून सांगितलं. मावशी ऐकत राहिली. "ग्वाड झालं म्हणायचं," असं म्हणून कमरेवर हात देऊन पायऱ्या उतरली.

अर्ध्या वाटेत शांतवनला आठवलं. त्याने तिथूनच मागे फिरायला हवं होतं. नाताळात जाऊ म्हणाला. नाताळात मावशीने अंथरूण धरलं. माती द्यायला गेला तेव्हा त्याने तिच्या भिंतीतला तो कोनाडा पाहिला. आईला बसायला म्हणून गेरूने रंगवलेला. रिकामा.

"बोल की," मावशी म्हणते. "तवा तर लई तोंड भरून सांगत व्हतास."

बाज नाही, देवळाचा बाक आहे. मावशी पुढच्या बाकावरून मान वळवून बघते आहे. वेदीवर फादर नाहीत, बुवा उभे आहेत. पेटीचा भाता हलतो आहे, बुवांचे ओठ हलताहेत, पण गाणं ऐकू येत नाही. एकटी झांज वाजते, लांब कुठेतरी.

"मावशी, बुवांचा आवाज का येत नाही?"

"तुझ्या कानाला काय झालंय, मला काय म्हाईत? चल, ऊठ. आईला घे."

त्याच्या हातांत मूर्ती आहे. रोजची हलकी मूर्ती आज झोपलेल्या लेकरासारखी जड आहे. तो बाकांमधून निघतो, आणि दोन्हीकडचे बाक जवळ जवळ येतात, त्यांच्या भिंती होतात, आणि ही तर मावशीची गल्ली. खांदे घासताहेत. गल्लीत वाडीतली माणसं मांडी घालून बसली आहेत. त्याची बायको तेरेजाही आहे, पारधे मास्तर आहेत. कुणी सरकत नाही. तो एकेकाला ओलांडतो, माफ करा, माफ करा म्हणत. शेवटी दार येतं. उघडं. उंबऱ्याशी एक दिवा, वात काठावर टेकलेली.

"मावशी, चुकलो मी."

"ते आख्यान सांग आधी. लोकांनी काय केलं म्हनालास, बेथलेहेमात?"

"दारं लावून घेतली."

"आन् मी?"

मूर्ती आणखी जड होते.

"तुझं दार उघडं होतं, मावशी."

"उघडं म्हंजे सताड! तिकडं झांज ऐकू येत व्हती. मला वाटलं, निघाली आई. म्हनून उठले, वात पुढं केली. मंग वाटलं, वळणावर आली आसंल. परत वात पुढं केली." मावशी हसते. "तेल संपलं, पर मी काय उठायचं सोडलं न्हाई. गुडघं बोंबलाया लागले."

ती हसते आहे आणि त्याला उभं राहवत नाही. रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"जागा कमी पडेल असं वाटलं मला," तो म्हणतो. "कीर्तनाला."

"आत तर ये."

तो वाकून आत जातो. एकच खोली, चूल, उतरंड, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. आणि मागोमाग सगळी गल्ली आत येते. तेरेजा येते, मास्तर येतात, पेटी येते, ढोलकी येते, मिशनातल्या सिस्टर येतात, शेजारच्या वस्तीवरची माणसं येतात. बसतात. आणि जागा उरतेच. भिंती कुठे दिसत नाहीत, फक्त तो कोनाडा, समोर, लाल.

"ठेव तिला," मावशी म्हणते. "दमानं. वलं हाय."

तो मूर्ती उचलतो. कोनाडा हाताला येत नाही. टाचा उंचावतो, तळहात भिंतीला टेकवतो, आणि मूर्ती एकदाची आत बसते. मागे बुवांचा आवाज फुटतो, भरदार, आणि तो रडायला लागतो.

"मावशी, आता तरी मला माफ केलंस ना?"

"माझं काय घिऊन बसलास? मी तर तिला रोजच बघते," मावशी म्हणते, आणि मिसरीचं बोट पदराला पुसते. "तिकडं पोर बसलीय वात सारत. तुला काय, तिलाबी माती द्यायची वाट बघायचीय?"

"कोण पोर?"

"चपला शोध," मावशी म्हणते.

झांज वाजते. झांज नाही, तेरेजा आत भांडी घासते आहे.

पडवीत उन्हं तिरपी झाली आहेत. शांतवन बाजेवर उठून बसतो. गाल ओले आहेत. आत टेबलावर मूर्ती आहे तशी आहे. तो उठतो, आईला पांढऱ्या कापडासकट छातीशी धरतो. रोजच्याइतकीच हलकी.

"आता कुठं?" तेरेजा दारात येते. "मास्तरांकडं जायला टाइम आहे की अजून."

"मास्तरांकडं नाही. मनीषाकडं. बुवांना म्हणावं, पेटी आडवी धरून आणा."

"तिच्या एवढ्याशा खोलीत? माणसं कुठं बसवणार?"

"मावतात," शांतवन म्हणतो.

तेरेजाची नजर मूर्तीवर जाते. मूर्तीच्या पांढऱ्या कापडावर, त्याने हात धरला आहे तिथे, लाल पंजा उमटला आहे.

"अहो, हे काय? कुठं हात घातलात?"

तो तळहात उलटा करून बघतो. गेरू आहे, बोटांच्या पेरांपर्यंत. अजून ओला.