सात नंबरच्या खोलीतली चिमणी

संग्रहालयात सगळे तिला चिमणी म्हणत. सात नंबरच्या खोलीत, पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या मधोमध, ती अठरा वर्षं खुर्चीवर बसून होती आणि बसल्या बसल्या तिचं सतत काही ना काही टिपणं चालू असे, म्हणून चिमणी. अंगकाठीशी या नावाचा संबंध नव्हता. गणवेश तिसऱ्यांदा उसवून सैल करून झाला होता.

काम म्हणाल तर सोपं. कुणी काचेला हात लावला की "हात लावू नका" म्हणायचं. दिवसाला सहा माणसं येत, त्यातली चार स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. उरलेला वेळ समोरचा गरुड तिच्याकडे बघायचा आणि ती गरुडाकडे. गरुडाची काही तक्रार नव्हती. तिचा मात्र दहाव्या मिनिटाला जीव कासावीस व्हायचा आणि हात आपोआप पर्सकडे जायचा. बिस्किटं, शेंगदाणे, सकाळचा उरलेला पाव. भूक नसायचीच. पुडा संपला की पोटाला तडस लागायची आणि स्वतःची लाज वाटून डोळे भरून यायचे.

बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला एडीएचडी आहे. "तुमच्या मेंदूला सारखा खुराक लागतो. समोर काही घडत नसलं की तो तोंडाला कामाला लावतो. त्याला दुसरं काहीतरी द्या." गोळ्याही दिल्या. गोळ्यांनी किल्ल्या हरवायच्या कमी झाल्या, पण गरुड काही हलायला लागला नाही.

घरी तज्ज्ञांची वाण नव्हती. नणंद म्हणाली, "वहिनी, पाणी पीत जा. आमच्या वेळी नव्हते हो असले आजार, आम्ही मन आवरायचो." नवऱ्याने खाऊच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते स्वतःच विसरला, एडीएचडी मात्र हिला. लेकीने खाण्याची नोंद ठेवायला डायरी आणून दिली. तीन दिवस ती रंगीत पेनांनी सजली. चौथ्या दिवशी डायरीचाच कंटाळा आला आणि त्यावर उतारा म्हणून चिमणीने नवा पुडा फोडला.

अशातच गरुडाशेजारच्या घुबडाच्या छातीला टक्कल पडलं.

संग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या मॅडम खाली आल्या. खुर्चीखालचा चुरा त्यांनी बोटावर घेतला. "चुऱ्यावर किडे येतात, बाई, आणि मग पिसांना लागतात. शंभर वर्षांचं घुबड आहे हे! दोन महिने देते. किडे कमी झाले नाहीत तर तुमचं नाव वर कळवावं लागेल." त्यांनी कोपऱ्यात किडे अडकायची चिकटपट्टी लावली, नोंदीसाठी वही आणि एक भिंग दिलं, आणि निघून गेल्या.

नोकरीची भीती वाटलीच. पण घुबडाकडे बघून जास्त वाईट वाटलं. अठरा वर्षं तिला सोबत केली ती या मुक्या मंडळींनी, आणि त्यांनाच तिने किड्यांच्या तोंडी दिलं होतं.

तिने भिंग पट्टीवर धरलं. अडकलेल्या एका किड्याच्या पाठीवर ठिपके होते, एक केसाळ अळी होती. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं, तर नवा पाहुणा! संध्याकाळी घरी पर्स उघडली तर पुडा जसाच्या तसा. शपथ नाही, पाणी नाही, कुलूप नाही. सुटीच्या दिवशी घरी तिने अख्खा पुडा फस्त केला, ते सोडा. खोलीत मात्र कण सांडला नाही. त्यामुळे किड्यांची उपासमार सुरू झाली. आठवड्याला अकरा, मग चार, मग एक. शेवटी शून्य.

"शाबास, बाई!" मॅडम म्हणाल्या. "आता ही खुर्ची तुमच्याकडून कुणी काढून घेणार नाही. निवृत्तीपर्यंत इथेच बसा." चांगल्या वागणुकीबद्दल जन्मठेप म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवशी दहाला पट्टी रिकामी. साडेदहाला रिकामी. अकराला गरुड बघायला लागला. चिमणीने बिस्कीट काढलं, पण ते तोंडाकडे गेलं नाही. ती वाकली, पट्टीपाशी थोडा चुरा ठेवावा म्हणून, म्हणजे कुणीतरी येईल. वाकता वाकता घुबडाची टकली छाती दिसली आणि तिचा हात थांबला.

अठरा वर्षांत पहिल्यांदा ती न विचारता खुर्ची सोडून वर गेली.

"मॅडम, मला सात नंबर नको."

"का? किडे परत आले?"

"नाही. मीच आणणार होते." तिने बिस्कीट टेबलावर ठेवलं. "मला भूक नसते, मॅडम. मला काम नसतं. चौदाही खोल्यांच्या पट्ट्या माझ्याकडे द्या. नाहीतर कळवा नाव वर."

"तीन मजले आहेत. पाय दुखतील."

"दुखू देत."

मॅडमनी बराच वेळ विचार केला. मग पट्ट्यांचं खोकं तिच्याकडे सरकवलं. विचार करता करता टेबलावरचं बिस्कीट त्यांनी कधी खाऊन टाकलं ते त्यांनाही कळलं नाही. त्यांच्या खोलीतही दिवसभर कुणी येत नसे.

खाली वाकून चिमणीने पहिली पट्टी त्यांच्याच टेबलाखाली लावली.