काका सभेत गप्प बसले तेव्हा

मी राज्याच्या सीमेपलीकडून निघणाऱ्या एका मराठी पेपराचा वार्ताहर. तलमडुगूकडच्या आमच्या गावांत ज्या सभेत सगळे एकदम हो म्हणतात, तिच्याबद्दल मला लगेच शंका येते. कोणी आडवं बोललं की जरा बरं वाटतं, निदान काही लपवलेलं नाही असं वाटतं.

आमच्या गावात हे आडवं बोलण्याचं काम माझ्या काकांकडे होतं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, पण रिवाजच पडला होता. बोअर कुठे मारायची, देवळाला रंग कोणता द्यायचा, काहीही असो, काका उठणार, टोपी मागे सारणार आणि "हे जमनार नाही" म्हणून सुरुवात करणार. लोक हसत, चहा येई, काका दमून खाली बसत आणि ठराव होता तसाच पास होई. सेक्रेटरी 'चर्चेनंतर मंजूर' असं लिहायचा. बातमीत मीही तेच लिहायचो.

मागच्या वर्षी गावच्या गायरानावर खडीचा क्रशर टाकायचा प्रस्ताव आला. क्रशरवाला गुडीहत्नूरकडचा. काकांची सून, म्हणजे माझी चुलतवहिनी, चुलतभाऊ गेल्यापासून म्हशींच्या दुधावर घर चालवते, आणि तिच्या म्हशी त्याच गायरानावर चरतात. गायरान गेलं असतं तर तिला म्हशी विकाव्या लागल्या असत्या.

सभेच्या आदल्या दिवशी काका क्रशरवाल्याच्या जीपमधून उतरताना मला दिसले. "उटनूरले दवाखान्यात गेलतो, वाटेत भेटला तो," ते म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं. मला ते खटकलं.

सभेत सरपंचानं प्रस्ताव वाचला आणि थांबला. सगळे काकांकडे बघू लागले. काका भिंतीला टेकून तंबाखू मळत बसलेले. माझं डोकं तापलं. देवळाच्या रंगासाठी तासभर भांडणारा माणूस घरच्या सुनेच्या पोटावर पाय येत असताना गप्प बसतो, याचा एकच अर्थ मला लागत होता, आणि त्या अर्थाची मला लाज वाटत होती.

"बोला ना काका," सरपंच म्हणाला. "तुमी नाही बोलले तर सभा झाल्यासारखी वाटत नाही."

काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"बोला काहीतरी. विरोध करा ना," तो पुन्हा म्हणाला.

आता कुजबुज सुरू झाली. ज्याला क्रशर हवा, तो विरोध कशाला मागतोय? तेवढ्यात बायकांच्या बाजूनं वहिनी उभी राहिली. सभेत तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मामंजी बोलून नाही राह्यले म्हनून मी इचारते. आमी ढोरं कुठं चाराची?"

सरपंच हातातला कागद चाळू लागला. मग कोणी पाण्याचं विचारलं, कोणी कपाशीच्या पऱ्हाटीवर बसणाऱ्या धुळीचं. हसलं कोणी नाही. ठरावाला हात वर करा म्हटल्यावर एकही हात वर झाला नाही.

संध्याकाळी मी काकांच्या अंगणात जाऊन बसलो. "काका, जीपमंधी काय बोलनं झालं?"

"तो म्हने, काका, उद्या चांगले भांडजा अन् मंग बसजा. तुमी भांडले का लोकायचं समाधान होते."

"मंग हे सभेत काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तेही माह्यं भांडनच झालं असतं. लोकं हसले असते, चहा पेले असते."

मी म्हटलं, हे मी छापतो. काकांनी माझ्याकडे जरा वेळ नीट पाहिलं, आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलं होतं तसंच.

"एक सांग," ते म्हणाले. "तू आपल्या मनानं सभेले आलता, का तुले बोलावलं होतं?"

मला सरपंचाचा फोन आला होता. काका भांडणार आहेत, बातमी मोठी लाव, असं तो म्हणाला होता.