आवाज अगदी क्लिअर येतोय

दुभाषीबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं गल्लीत सगळे म्हणतात. म्हणू देत. ज्या बाईचं पोट दोन हातांवर आणि एका वायरवर चालतं, आणि त्यातली वायर दुसऱ्याच्या ताब्यात असते, तिने राग काय माळ्यावर टाकून ठेवायचा? हॉस्पिटलात, बँकेत, कोर्टात ऐकू न येणारं माणूस आलं की तिथले लोक बाईंना व्हिडिओवर बोलावतात. तोंडचं हातांनी सांगायचं, हातांचं तोंडाने सांगायचं, हे त्यांचं काम. स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहानशा खोलीत, पाठीमागे निळी चादर टांगून त्या ते करतात.

ही भाषा त्या कुठल्या वर्गात शिकल्या नाहीत. त्यांची आई जन्मापासून बहिरी. आई आता धाकट्या भावाकडे, लांबच्या गावी असते, आणि या मायलेकींची एक रीत आहे. दोघींच्या ओट्यावर एकेक जुना फोन भिंतीला टेकवलेला, आणि व्हिडिओ कॉल सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालू. दुसऱ्यांच्या घरी रेडिओ चालू असतो तसा. आई तिकडे शेंगा सोलते, लेक इकडे भांडी लावते. आईला हाक मारून उपयोग नाही, म्हणून तिच्या डोळ्यांसमोर असावं लागतं, एवढंच त्याचं कारण.

कामाच्या कॉलांत चित्र अडकायला लागलं तेव्हा इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने मोबाइलवर वेग मोजून दाखवला.

"बघा ताई, काटा पार शेवटाला. धो धो येतंय."

"येतंय ते दिसलं. माझ्याकडून जातं किती?"

"जायला कशाला लागतं, ताई? लोक सिनेमे बघतात, पाठवत थोडेच असतात."

"मी पाठवते. माझे हात पाठवते!"

त्याने डोकं खाजवलं आणि पुन्हा मोजलं. जाणारा वेग येणाऱ्याच्या दहावा हिस्साही नव्हता. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापला होता तो फक्त येणारा. वर 'अमर्याद' म्हणून विकलेल्या त्या प्लॅनला महिन्याची मर्यादाही निघाली. ती ओलांडली की वेग उतरतो, जाणारा तर नावापुरताच उरतो.

"वेग म्हणजे नळाची धार, मर्यादा म्हणजे टाकी," तो समजावून सांगू लागला. "टाकी संपली तरी आम्ही पाणी तोडत नाही, ताई. थेंब थेंब सोडतो."

"मग अमर्याद काय?"

"थेंब," तो म्हणाला, आणि त्याला हसूसुद्धा आलं नाही.

बाईंनी त्याची बिनपाण्याने केली. पण करणार काय? त्या गल्लीत दुसऱ्या कंपनीची वायरच नव्हती, आणि मोबाइलची रेंज घरात शिरत नव्हती, मिळायची ती गच्चीवर. तेव्हापासून कामाच्या कॉलांवर त्यांनी करडी नजर ठेवली. नवऱ्याचे क्रिकेटचे सामने बंद केले. टाकी तरीही कोण उपसतंय ते कळेना. आईचा कॉल त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता. घरातल्या माणसाचं नुसतं समोर असणं कधी कोणी मोजतं का?

महिनाअखेरीला एका दुपारी हॉस्पिटलातून कॉल आला. समोर एक म्हातारे सुतार होते. उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात चेचली होती, हाताला हे मोठं बँडेज. ऐकू येत नाही, वाचणं जेमतेम. बाईंनी हसून त्यांना सांगितलं, 'घाबरू नका, मी आहे.' मग शेजारी उभे असलेले सर्जन बोलू लागले. बोटं आजच काढून टाकली तर काम एका दिवसात संपेल. जोडायचा प्रयत्न केला तर दोन ऑपरेशनं, बराच त्रास, आणि खात्री नाही. काय करायचं ते यांनीच ठरवायचं.

बाई हातांनी सांगू लागल्या. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात त्यांचे हात झकास हलत होते. आपलं चित्र आपल्याला कधीच अडकलेलं दिसत नाही, ही त्यातली हरामखोरी. त्या जोडण्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या, तोच सुतारांनी मान हलवली. हो. बाई थबकल्या. समोरच्याचे डोळे सांगणाऱ्याच्या हातांबरोबर फिरतात. यांचे एका जागी खिळले होते.

"ते हो म्हणाले," सर्जन म्हणाले. "छान. थँक यू, मॅडम."

"थांबा! त्यांना काहीच कळलेलं नाही. माझं चित्र अडकलंय!"

"आवाज अगदी क्लिअर येतोय, मॅडम."

"आवाजाला काय जाळायचंय? त्यांना ऐकू येतं का?" बाई किंचाळल्या. "ज्या बोटांनी तो माणूस बोलतो ती बोटं कापताय तुम्ही! सुरी उचललीत तर गाठ माझ्याशी आहे. फोन चालू ठेवा, मी गच्चीवर जाते."

जाताना ओट्यावरच्या फोनवर त्यांची नजर गेली. आई त्यात शेंगा हातात धरून गोठून बसली होती. टाकी कोणी उपसली ते तेव्हा त्यांना कळलं. आईवर रागावता येईना. आईचं असणं थेंबाथेंबाने विकणाऱ्यांवर मात्र त्यांचं डोकं असं फिरलं, की जिना कसा चढल्या ते त्यांना आठवत नाही.

गच्चीवर चित्र हललं. डाव्या हातात मोबाइल धरून बाईंनी एकट्या उजव्या हाताने सगळं पुन्हा सांगितलं, कापणं आणि जोडणं, त्रास आणि बेभरवसा. आता सुतारांचे डोळे हाताबरोबर फिरत होते. सगळं बघून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने जोरात सांगितलं, 'जोडा. त्रास होऊ दे.'

बाईंनी ते सर्जनना सांगितलं. "ठीक आहे, प्रयत्न करू," सर्जन म्हणाले. "पण मग मघाशी हो का म्हणाले?"

बाईंनी प्रश्न हाताने पुढे केला. सुतारांनी जरा विचार केला, आणि डावा हात सावकाश हलवत उत्तर दिलं. बाईंचा चेहरा उतरला.

"काय म्हणतायत?" सर्जननी विचारलं.

दुभाष्याने गाळायचं नसतं, बदलायचं नसतं, आणि बोलायचं ते समोरच्याचं म्हणून 'मी' लावून. बाई मोठ्याने बोलल्या.

"पडद्यावरची पोरगी हसत होती. मला वाटलं, आपली भाषा येणारं माणूस हसतंय, म्हणजे चांगलंच काहीतरी विचारत असणार. म्हणून मी हो म्हणालो. यापुढे ती हसली तरी मी हो म्हणणार नाही."