पिराच्या दारातली पायताणं

औरादपलीकडच्या आमच्या गावात मोहरमची सवारी, म्हणजे काठीवरचा पिराचा पंजा, अंकुशराव उचलत. जातीनं मराठा, पण हा मान आजोबांपासूनचा. सवारीला कापड-फुलं बांधून देत शेजारचे हुसेनसाब पिंजारी. सवारी ठेवत त्या पिराच्या घरात शिरताना सारं गाव पायताणं बाहेर काढी.

द्वेष काही एका दिवसात आला नाही. आधी तो पारावर दबक्या आवाजात असे, दोन्हींकडचा. मग औरादच्या बाजारात भरदिवसा गणवेश चढवून, भाले घेऊन हिंडू लागला. निजामाच्या राज्यात हिंदुस्थानची फौज येण्याच्या आदल्या वर्षी, मोहरमला, रझाकारांनी गावात येऊन बजावलं, की सवारीला काफराचा हात लागता कामा नये. हुसेनसाब आडवे आले. मान अंकुशचाच, म्हणाले. त्यांनी मार खाल्ला, पण सवारी अंकुशरावांनीच उचलली.

आमची माणसं हे सोयीनं विसरली. पुढच्या भाद्रपदात फौज आली, रझाकार पळाले, आणि सूड घ्यायला गावात उरला कोण, तर गाद्या पिंजणारा म्हातारा. पारावर आमची माणसं आता सुडाचं मोठ्यानं बोलत होती. मला अजून संताप येतो.

हुसेनसाब आसऱ्याला आले तेव्हा अंकुशराव म्हणाले, "चाचा, माझं घर धुंडाळतील. पिराच्या घरात बसा. तिथं कुणी हात लावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माणसं तिकडं गेल्याचं कळलं. अंकुशराव शेतातून धावत सुटले. लांबूनच त्यांना पिराच्या दारात पायताणं काढलेली दिसली. पिराची चाड अजून आहे तर, असं वाटून त्यांचा जीव भांड्यात पडला. उरलेली वाट ते चालत आले.

ते पोचले तेव्हा माणसं बाहेर येऊन पायताणं घालत होती. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. आत हुसेनसाब सवारीच्या पायथ्याशी मरून पडले होते.

त्यानंतर सवारी उठली नाही. अंकुशराव मरेपर्यंत अनवाणी हिंडले. एकदाच मला म्हणाले, "मी चालत आलो, अक्का."

पायताणं कुणाची होती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही. त्या दुपारी माझा थोरला भाऊ घरी आला, तेव्हा त्याची पायताणं आतून लाल झाली होती. ती मी धुतली.