खोडलेले रविवार

सकाळी मैदानावर फिरताना एक मुलगी बूट काढून कट्ट्यावर बसलेली दिसली. बाकीच्या धावत होत्या. मीही याच मैदानावर प्रशिक्षक होतो, म्हणून सवयीने तिच्या प्रशिक्षकाला विचारलं, "ही का बसलीय?"

"आज तिचा विश्रांतीचा दिवस, सर. बसणं हाही सरावच की."

मला पुढे चालवेना. धावपटूला दमवणं सोपं असतं. त्याला बसवायला प्रशिक्षकाच्या मनात भरवसा लागतो. माझ्या मनात तो नव्हता. तेव्हा माझ्याकडे धावायला शिकणाऱ्या सुनंदाच्या सरावाच्या तक्त्यात रविवार मोकळा होता. राज्य स्पर्धा जवळ आली तशी मला हाव सुटली, आणि मी ते रविवार खोडून तिथे टेकडीवरच्या धावा लिहिल्या.

"सर, नडगी ठणकते हो," ती म्हणायची.

"पदक हवंय का मालिश?" मी म्हणायचो. बाकीच्या मुली हसायच्या. तीही हसायची आणि धावायला लागायची.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी तिच्या नडगीचं हाड मोडलं. ती पुन्हा धावली नाही. मी सगळ्यांना सांगितलं, पोरीनं माझं ऐकलं नाही, घरी चोरून जास्तीचा सराव केला. वडिलांनी तिला माझ्यासमोर बोल लावले. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तक्त्याची घडी घालून तो खिशात ठेवला.

ती नजर अजून या मैदानावर आहे. म्हणून आता लिहून ठेवतो: सुनंदा एक पाऊलही जास्तीचं धावली नाही. मी सांगितलं तेवढंच धावली.